गोचीड, डबकं, शेवाळ, गोणपाट

वहिनीला कशाचीही किळस येत नाही, अशी लॅबमध्ये तिची ख्याती होती. रक्त, लघवी, थुंकी, फोडातला पू, लोक काळ्या पिशवीत गुंडाळून चोरासारखे जे जे आणून देत ते सगळं ती झाकण उघडून, उजेडात धरून बघे आणि हात धुतले की पलीकडच्याच बाकावर बसून निवांत डबा खाई. नव्याने लागलेल्या मुलींचं पहिल्या आठवड्यात जेवण सुटायचं. वहिनी त्यांना म्हणे, "अगं, हे सगळं आपल्यातूनच आलंय. त्याला काय नाक मुरडायचं?"

पण माणूस म्हटला की कुठेतरी उणं असायचंच. वहिनीला खरी शिसारी यायची ती रडक्या माणसाची. बाटलीतला शेंबूड तिला चालायचा, माणसाच्या नाकातून गळणारा चालायचा नाही. सुजलेले डोळे, हातात चुरगळलेला ओला रुमाल, तेच तेच रडगाणं, आणि मधेच "तुला म्हणून सांगते" करत मनगट धरणं. हे सुरू झालं की ती काहीतरी धुवायचं निमित्त काढून उठे. आणि दैव बघा कसं खोडकर, त्याने तिच्याच घरात नेमकी तिची नणंद आणून बसवली.

नणंद लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिचं नाव भिंगरी पडलं होतं. आता ही भिंगरी सोफ्याच्या कोपऱ्यात बसली की कुशनला खळगा पडेपर्यंत हलत नसे. सकाळी उठून सलूनमध्ये जाई, बायकांचे केस कापी, संध्याकाळी येऊन त्याच खळग्यात बसे. नवऱ्याला सोडून आली होती ती. म्हणजे तिने सोडलं होतं, त्याने नाही. कागदावर सही मागितली की तो म्हणे, "घाई कसली? येईल परत. जातेय कुठे." नांदवायचंही नाही आणि सोडायचंही नाही, असला कारभार.

हा नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. गोगलगाय आणि पोटात पाय. आवाज मऊ, नखं स्वच्छ, आणि बोलता बोलता समोरच्याच्या खांद्यावरचा नसलेला धागा उचलून टाकायची खोड. लग्नानंतर भांडण झालं की भिंगरी भावाला फोन करी. भाऊ विचारी, "मारत तर नाही ना?" ती "नाही" म्हणे, आणि भावाच्या डोक्यावरचं ओझं उतरे. मग फोन वहिनीच्या हातात येई. मिटवामिटवी करण्यात वहिनी पटाईत. "मी बोलते त्याच्याशी," म्हणे आणि बोलेही. चष्मेवाला येई, चहा पिई, बायकोला घेऊन जाई. त्यांची पाठ फिरली की वहिनी कुशनचा ओला अभ्रा धुवायला टाकी आणि घर पुन्हा कोरडं झालं म्हणून सुटकेचा श्वास घेई.

शेवटी एकदा भिंगरी फोन न करताच बॅग घेऊन आली. दारातच म्हणाली, "या वेळी त्याला चहा करू नकोस." वहिनीने केला नाही.

रडणं थांबवलं ते शहाणपणाच्या बोलांनी नव्हे, एका खेळाने. हातात धरायचं छोटं मशीन, त्यात नाना तऱ्हेचे राक्षस. पकडायचे, वाढवायचे, आणि दुसऱ्याच्या राक्षसांशी झुंजवायचे. शिकवला होता चष्मेवाल्यानेच. वहिनीला आधी वाटलं, पस्तिशीच्या बाईने काय हा पोरखेळ चालवलाय. मग तिच्या लक्षात आलं की मशीन हातात असताना भिंगरीचं नाक कोरडं असतं. एवढ्या एका गुणावर वहिनी त्या खेळाच्या प्रेमात पडली. तिने स्वतःसाठीही एक जुनं मशीन घेतलं, आणि दोघी नणंद-भावजया सोफ्यावर पाय दुमडून राक्षस झुंजवू लागल्या. भाऊ येता-जाता म्हणे, "घरातले कमी पडले का?"

सगळं बरं चाललं होतं, तोवर सलूनमधल्या खुर्चीत बसलेल्या एका बाईने आरशातून भिंगरीला एक बातमी सांगितली. चौकातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाखाली एक तळघर होतं. तिथे सुट्टीच्या दिवशी या खेळाचे सामने भरत आणि चष्मेवाला तिथला अनभिषिक्त राजा होता. तो म्हणे सगळ्यांना सांगत होता, "बायकोला संघ बांधता येत नाही. मीच बांधून द्यायचो. आता करमत नसेल बिचारीला." लोक हसले म्हणे. बाईने हे हसतच सांगितलं, कारण ती बिचारी कोण हे तिला ठाऊक नव्हतं.

भिंगरीने त्या बाईचे केस सरळ रेषेत कापले, घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "वहिनी, तळघरात जोड्यांची स्पर्धा आहे. मला त्याला एकदा हरवायचंय. तिथेच, सगळ्यांसमोर. तू येशील का जोडीला?"

तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. वहिनी म्हणाली, "येईन."

जोडीतल्या प्रत्येकाने दोन राक्षस आणायचे आणि एका वेळी त्यातला एकच मैदानात ठेवायचा, असा नियम. भिंगरीने आधी आपले लाडके घेतले. एक केसाळ शेपटीचा, एक गुलाबी. सरावाला मशीनवरून अनोळखी लोकांशी झुंजल्या. समोर कोण होतं देव जाणे, पण बेडकाच्या चित्राआड बसलेल्या कुणीतरी त्यांना धुऊन, पिळून वाळत घातलं. दुसऱ्यानेही तेच. वहिनीला हरायची सवय नव्हती. ती कामाला लागली.

या खेळातली एक गोम अशी, की प्रत्येक राक्षस जन्मतःच आपले छुपे आकडे घेऊन येतो. ताकद, वेग, सोशिकपणा. ते खाऊपिऊ घालून बदलत नाहीत. चांगल्या आकड्यांचा हवा असेल तर अंडी उबवत बसायची, पिल्लू निघालं की आकडे बघायचे, कमी असतील तर 'सोड' हे बटण दाबायचं. पिल्लू हात हलवतं आणि पडद्यावरून जातं. ज्यांना जिंकायचं असतं ते असली शेकडो पिल्लं सोडतात, तेव्हा कुठे एक हाती लागतं. वहिनीला हे लॅबसारखंच वाटलं. झाकण उघड, बघ, नोंद कर, पुढचं. चहाचा कप एका हातात, दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर. भिंगरी शेजारून बघत असायची आणि प्रत्येक पिल्लाने हात हलवला की तिची मान थोडी खाली जायची.

"यांचं काय होतं गं?" तिने एकदा विचारलं.

"कुणाचं?"

"सोडलेल्यांचं."

"काही होत नाही. ते नव्हतेच कधी." वहिनीने पुढचं अंडं फोडलं.

मग वहिनीने विचारलं, हा तुझा नवरा जिंकतो कसा? भिंगरी म्हणाली, तो मारत नाही. थांबतो. समोरच्याला अडकवतो आणि थांबतो. वहिनीने मांडीवर थाप मारली. काट्यानेच काटा काढायचा. त्याच्यापेक्षा घाण संघ बांधायचा.

आणि तिने बांधला. काय संघ होता तो, सांगताना आत्ताही तोंडाला पाणी सुटतं, पण ते ओकारीच्या आधी सुटतं तसलं. पहिली गोचीड. ही एकदा चिकटली की समोरच्या राक्षसाला पळता येत नाही, मागे घेता येत नाही. गोचीड स्वतः मागे गेली तरी तिचं तोंड कातडीत रुतून राहतं आणि दर फेरीला थोडं रक्त ओढतं. दुसरं डबकं. हिरवंगार, बुडबुडे येणारं. हे विष पाजतं, आणि विष दर फेरीला वाढत जातं. तिसरं शेवाळ, जे काही करत नाही, फक्त ओलावा देतं आणि आपल्या जोडीदाराच्या जखमा बुजवतं. चौथं गोणपाट. त्याला कितीही बडवा, धूळ उडते, बाकी काही नाही. त्याच्याकडे एक मलम होतं, ते मैदानावरच्या कुणालाही लावता येई. नावं खेळातली वेगळीच होती, पण वहिनीने ठेवली ती ही. गोचीड आणि गोणपाट भिंगरीच्या मशीनमध्ये, डबकं आणि शेवाळ वहिनीच्या.

"यात मारणारा कुणीच नाही," भिंगरी म्हणाली.

"नकोच. मारणारा ठेवला की तुझा हात शिवशिवतो आणि तू घाई करतेस. आपल्याला मारायचंच नाहीये. सडवायचंय." हे बोलताना वहिनी इतकी खुशीत होती की तिला स्वतःचा आवाजही ऐकू आला नाही.

सरावासाठी तिने आपल्या नवऱ्यालाच, भिंगरीच्या भावाला, बसवलं. शेजारून मागून आणलेल्या दोन मशीनवर दोन दोन राक्षस त्याच्या हाती दिले. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, रोज अडकलेल्या लोकांना बाहेर काढणारा. त्याला अडकायची सवय नव्हती. चार फेऱ्यांत त्याचा केसाळ राक्षस गोचिडीने धरला, डबक्याने विष पाजलं, आणि तो जे काही मारी ते गोणपाटात जिरून जाई. थोड्या वेळाने त्याने मशीन टेबलावर ठेवलं. "हरलो बाबा. भीक नको पण कुत्रा आवर."

वहिनी हसली. भिंगरी हसली नाही. ती पुढची फेरी दाबत होती.

"हरलो म्हणतोय ना मी," भाऊ म्हणाला. "सोड की आता."

भिंगरीने बटण दाबलं. रक्त थोडं ओढलं गेलं. पुन्हा दाबलं. वहिनीने तिच्या दंडाला हात लावला तेव्हा ती थांबली, आणि मशीनकडे बघतच बोलायला लागली, त्याच आवाजात ज्यात ती गिऱ्हाइकाला विचारते, पुढून किती कापू.

"तो असंच करायचा. जेवणाच्या टेबलावर, रोज. मी हरले की मी हात पुढे करायची, मिळवायला, की झालं, संपलं. तो हात घ्यायचा नाही. म्हणायचा, पूर्ण खेळ, शिकशील. माझं शेवटचं जनावर अडकलेलं असायचं. मरायला आलं की तो त्याला बरं करायचा, थोडंसं. मग परत. मला कामाला उशीर व्हायचा, चहावर साय धरायची. उठले तर म्हणायचा, पळतेस? आणि फक्त खेळात नव्हतं ते. पैसे, माहेरी जाणं, डॉक्टर, सगळं असंच. हात पुढे करायचा आणि बसायचं." मग ती भावाकडे वळली. "तू विचारायचास ना, मारतो का. नव्हता मारत."

भाऊ उठला आणि गॅस बंद आहे का बघायला स्वयंपाकघरात गेला. गॅस लावलेलाच नव्हता.

वहिनीने टेबलावरच्या हिरव्या पडद्याकडे बघितलं. डबक्यातून बुडबुडे येत होते. इतके दिवस जे तिला हुशारीचं वाटत होतं त्याचा एकदम वास आल्यासारखं झालं. एका माणसाच्या घरातली घाण तिने अंडं अंडं उबवून, निवडून निवडून पुन्हा तयार केली होती आणि वर मांडीवर थाप मारली होती. "बदलू या संघ," ती म्हणाली. "एक मारणारा घेऊ. गोणपाट काढू."

"नको," भिंगरी म्हणाली. "हाच हवा."

तळघरात उतरायच्या जिन्यावरच वहिनीला कळलं की ही जागा तिच्या लॅबपेक्षा घाण आहे. खिडकी नाही. कोंदट हवेत मोज्यांचा वास, वेफर्सचा वास, आणि कितीतरी माणसांनी एकाच वेळी घाबरून सोडलेल्या घामाचा वास. टेबलांच्या कडा चिकट. कुणी बोटं चाटून मशीन धरत होतं, कुणी त्याच बोटांनी दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारत होतं. लॅबमध्ये निदान प्रत्येक गोष्टीला झाकण असतं. एका भिंतीशी चष्मेवाला उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, पुसून ठेवलेल्या काचेसारखा स्वच्छ, आणि त्या सगळ्या घाणीत वहिनीला तोच जास्त खुपला.

दुकानदाराने खुर्चीवर चढून नियम सांगितले. त्याच्याकडे वेळेची मर्यादा नव्हती, आणि हरायला लागल्यावर मशीन बंद करायची मुभा नव्हती. मागे कुणीतरी बॅटरी संपल्याचं नाटक करून सामना बुडवला होता, त्यावरून मारामारी झाली होती. तेव्हापासून तिथे रीत पडली होती ती हाताची. हार मानायची तर हात पुढे करायचा. समोरच्या जोडीतल्या कुणीही तो हातात घेतला की सामना संपला, जिंकणारे जिंकले. हात घेतला नाही तर खेळ चालू. "पण घेतातच सगळे," दुकानदार म्हणाला. "आजवर कुणी नाही म्हटलं नाही. आपण माणसं आहोत."

पहिल्या दोन जोड्या अशा पडल्या की वहिनीला त्यांचे चेहरेही आठवत नाहीत. हात पुढे आले, भिंगरीने घेतले. तिसऱ्या सामन्याला समोर चष्मेवाला येऊन बसला, जोडीला एक बुटका कुरिअरवाला.

"अरे वा," चष्मेवाला मऊ आवाजात म्हणाला. "वहिनीपण? संघ कुणी बांधला?"

"आम्ही," भिंगरी म्हणाली.

"छान." आणि त्याने टेबलावरून हात लांबवून भिंगरीच्या खांद्यावरचा नसलेला धागा उचलला. भिंगरी जागची हलली नाही.

सामना कसा झाला ते सांगण्यात मजा नाही, कारण त्यात मजा नव्हतीच. कुरिअरवाल्याचे दोन्ही राक्षस विषाने आडवे झाले. चष्मेवाल्याचा एक पडला. उरलं एक पांढरं घुबड, त्याचं लाडकं, आकड्यांनी परिपूर्ण, त्यासाठी त्याने किती पिल्लं सोडली असतील ते त्यालाच ठाऊक. गोचीड त्या घुबडाला चिकटली आणि मागे गेली. पुढे गोणपाट आलं. शेजारी वहिनीचं शेवाळ. घुबड गोणपाटावर चोच मारी, शेवाळ ती जखम बुजवी, आणि गोचिडीचं रुतलेलं तोंड घुबडाचं रक्त थेंब थेंब ओढत राही. मागे गर्दी जमली होती. कुणीतरी म्हणालं, "गेला हा." वहिनीने हिशोब केला. अजून एखाद-दुसरी फेरी, की घुबड पडणार आणि झालं.

तेवढ्यात भिंगरीने मलम काढलं आणि ते घुबडाला लावलं.

गर्दीतले काही जण हसले, त्यांना वाटलं चुकून बटण दाबलं गेलं. घुबडाची जखम भरली. गोचीड पुन्हा ओढायला लागली. घुबड मरायला टेकलं आणि भिंगरीने पुन्हा मलम लावलं. आता कुणी हसलं नाही. वहिनीने घाईघाईने शेवाळ मागे घेऊन डबकं पुढे केलं आणि घुबडाला विष पाजलं. भिंगरीच्या मलमाने तेही धुऊन निघालं. वहिनीच्या हातात दुसरं काही नव्हतं. या संघात मारणारा कुणी नव्हता. तिनेच ठेवला नव्हता.

चष्मेवाल्याने मशीन टेबलावर ठेवलं आणि उजवा हात पुढे केला.

भिंगरीने हाताकडे बघितलं. मग पडद्याकडे. बटण दाबलं.

हात तसाच राहिला. दुकानदार पुढे झाला, म्हणाला, "ताई, हात आलाय." भिंगरी म्हणाली, "दिसतोय मला." मग चष्मेवाल्याकडे बघून, अगदी मऊ, त्याच्याच सुरात म्हणाली, "पूर्ण खेळा. शिकाल."

नियमाप्रमाणे खेळ चालू होता आणि मशीन बंद करायची मुभा नव्हती. त्याने डाव्या हाताने बटणं दाबली. उजवा टेबलावर पसरलेलाच. घुबड मरायला आलं, मलम लागलं, घुबड जगलं. पुन्हा. तळहातावर घामाचे बारीक ठिपके उभे राहिले. त्याचा वरचा ओठ ओला झाला. कुरिअरवाला खुर्ची मागे सरकवून उठून गेला. चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नाकाच्या टोकाशी एक थेंब जमा व्हायला लागला, आणि हात अडकलेला म्हणून त्याला तो पुसता येईना, की सुचेना. भिंगरीच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. ती हसत नव्हती, रागातही नव्हती. घरी सोफ्याच्या खळग्यात बसल्यावर दिसायची तितकीच शांत, फक्त अंगठा हलत होता.

वहिनीला ओकारी आली. खरोखरची, पोटातून उसळून. एका माणसाच्या नाकातून गळतंय, दुसरं माणूस ते बघत बसलंय, आणि ते संपत नाही. तिला एवढंच कळत होतं की हे थांबलं पाहिजे, आत्ताच्या आत्ता, हे ओलं, हे चिकट सगळं संपून इथे कोरडं झालं पाहिजे. भिंगरीचं काय ठरलंय, तिला अजून किती वेळ हवाय, याचा विचार तिच्या मनात आला नाही. आला असता तरी तिने तो बाजूला सारला असता.

तिने हात लांबवून चष्मेवाल्याचा हात धरला.

"सामना संपला," दुकानदार मोठ्याने म्हणाला, आणि गर्दीने श्वास सोडला. दोन-तीन टाळ्याही पडल्या. पडद्यावर घुबड जिवंत होतं. भिंगरीचा अंगठा बटणावर तसाच राहिला, पण बटण आता काही करत नव्हतं.

चष्मेवाल्याने वहिनीचा हात लगेच सोडला नाही. दुसऱ्या हाताने नाक पुसलं, तोच हात वहिनीच्या हातावर ठेवला, आणि त्याचा आवाज पुन्हा मऊ झाला. "वहिनी, तुम्ही आहात म्हणून बरं असतं," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

वर दुकानाच्या मागे एक बेसिन होतं. वहिनीने साबण घेतला, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटापर्यंत, लॅबमध्ये नव्या मुलींना शिकवते तसा लावला. धुतला. पुन्हा लावला. पू लागलेल्या हातांनाही तिने कधी एवढा साबण लावला नव्हता. भिंगरी मागे येऊन दाराला टेकून उभी राहिली.

"जिंकलो आपण," वहिनी आरशात बघून म्हणाली.

"हो."

"मग झालं की."

"त्याचा हात किती वेळ पुढे होता गं?" भिंगरीने विचारलं. "चहा निवला नसता तेवढ्यात. तेवढंसुद्धा तुला बघवलं नाही."

"मला किळस आली."

"त्याची?"

वहिनीला खोटं बोलता आलं असतं. पण चुकीचा रिपोर्ट तिने आयुष्यात दिला नव्हता. नळ वाहत होता. "नाही," ती म्हणाली. "तुझी."

भिंगरीने मान हलवली. ती रडेल म्हणून वहिनी सवयीने अर्धं पाऊल मागे सरकली, पण भिंगरी रडली नाही.

"तेव्हाही माझीच यायची," ती म्हणाली. "म्हणून तर दर वेळी लवकर मिटवायचीस."

खालून पुढच्या फेरीसाठी जोड्यांची नावं पुकारली जात होती. भिंगरी जिना उतरून गेली. वहिनीने नळ बंद केला तेव्हा तिला खालचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. भिंगरी दुकानदाराला साध्या आवाजात सांगत होती की त्यांची जोडी पुढे खेळणार नाही, आणि एकेकट्याचे सामने कधी असतात ते तिला कळवावं.